देखणे संकेतस्थळ आणि न थांबणारा फोन

वाचकाचे पत्र

"स. न. वि. वि. मी एका मध्यम आकाराच्या सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. गेल्या वर्षी आमच्या व्यवस्थापन समितीने संकेतस्थळ नव्याने करून घेतले. पहिल्या पानावर पडदाभर फिरती छायाचित्रे, त्याखाली अध्यक्षांचे मनोगत, करड्या रंगातली नाजूक अक्षरे आणि सगळा मेनू तीन आडव्या रेघांमागे, असे त्याचे रूप आहे. समितीतल्या सर्वांना ते फार आवडले आणि खरे सांगायचे तर मलाही आवडले. परंतु ते सुरू झाल्यापासून देवघेव विभागातला फोन पूर्वीपेक्षा अधिक वाजू लागला आहे. आज किती वाजेपर्यंत उघडे आहे, अमुक पुस्तक आहे का, मुदत कशी वाढवायची, सभासद व्हायला काय लागते, असे तेच ते प्रश्न असतात. ही सर्व माहिती संकेतस्थळावर आहे! सभासदत्वाचा अर्ज २२ रकान्यांचा आहे आणि तो अर्धवट सोडणारेच जास्त. समितीचे म्हणणे असे की लोकांनाच संकेतस्थळ वापरता येत नाही. चांगले संकेतस्थळ म्हणजे नेमके काय, ते कशावरून ओळखायचे आणि हे सारे मोडून पुन्हा करावे लागेल का, हे कृपया सांगावे.

ता. क. पहिल्या पानाच्या तळाशी 'आपण अमुक क्रमांकाचे पाहुणे आहात' असा आकडा आहे. तो ठेवावा का?"

– एक ग्रंथपाल

उत्तर

स. न. वि. वि.

तुमच्या पत्रातले 'ही सर्व माहिती संकेतस्थळावर आहे' हे वाक्य मी दोनदा वाचले. ती आहे, याबद्दल मला शंका नाही. पण माहिती असणे आणि ती सापडणे यांच्यातले अंतर कापण्याचे काम रचनेचे असते, आणि तुमच्याकडे ते काम सध्या देवघेव विभागातला फोन करतो आहे. म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: मोडू नका. मोडून नव्याने केलेले संकेतस्थळ पुन्हा त्याच लोकांच्या त्याच अंदाजांवर उभे राहील आणि वर्षभराने तुम्ही मला हेच पत्र लिहाल. त्याऐवजी, जो पुरावा आपण होऊन तुमच्या टेबलापर्यंत चालत आला आहे तो वापरा.

फोनशेजारी एक वही ठेवा. पंधरा दिवस प्रत्येक फोनची नोंद करायची, आणि ती फोन करणाऱ्याच्याच शब्दांत. 'मुदतवाढीबाबत विचारणा' असे लिहू नका. 'पुस्तक अजून आठ दिवस ठेवलं तर चालेल का' असे त्याने विचारले असेल तर तेच लिहा. त्याच्या प्रश्नाचे उत्तर दिल्यावर सहज विचारा: संकेतस्थळावर पाहिलेत का, आणि पाहिले असेल तर कुठे? या दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे मौल्यवान असतात. कोणी म्हणेल 'पाहिलंच नाही', कोणी म्हणेल 'ते फोटो फिरत होते, पुढे काही दिसलं नाही', कोणी म्हणेल 'शोधलं पण काहीच आलं नाही'. ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत. पंधरा दिवसांनी वही चाळलीत तर बहुतेक फोन चार-पाच प्रश्नांतच संपतात असे दिसेल, कारण तुम्ही पत्रात लिहिलेले प्रश्नही चारच आहेत. तुमचे पहिले पान या चार प्रश्नांसाठी आहे. बाकी सगळे त्यानंतर.

आता समितीकडे वळते. संकेतस्थळ सर्वांना आवडले आणि तरीही ते वापरता येत नाही, हे ऐकायला विसंगत वाटते, पण हा अनुभव जुना आहे. १९९५ मध्ये मासाआकी कुरोसु आणि काओरी काशिमुरा या जपानमधील हिताची कंपनीच्या अभ्यासकांनी पैसे काढण्याच्या यंत्राच्या पडद्याच्या २६ वेगवेगळ्या मांडण्या २५२ जणांना दाखवल्या आणि प्रत्येक मांडणी किती सुंदर व किती सोपी वाटते, असे विचारले. 'सोपी वाटणे' याचा संबंध प्रत्यक्ष सोपेपणापेक्षा सौंदर्याशी अधिक घट्ट असल्याचे त्यांना आढळले. जे देखणे, ते वापरायलाही सोपेच असणार, असे आपले मन परस्पर ठरवून टाकते. तुमच्या समितीने पडद्याकडे पाहून पसंती दिली. पुस्तकाची मुदत वाढवून पाहिल्यानंतर दिली नाही. यात त्यांचा दोष नाही, परंतु त्या पसंतीला पुरावाही मानता येत नाही. देखणेपण वाईट असते असे माझे मुळीच म्हणणे नाही. नीटनेटके पान माणसाला विश्वास देते आणि एखाददुसरी अडचण तो त्या विश्वासावर सोसतो. पण तो विश्वास संपायलाही फार वेळ लागत नाही.

पहिली दुरुस्ती शब्दांची करा, कारण तिला खर्च नाही आणि तिचा गुण सर्वांत लवकर येतो. तुमच्या मेनूतली नावे तुम्ही लिहिलेली नाहीत, पण संस्थांच्या संकेतस्थळांवर ती कशी असतात हे मी पुष्कळदा पाहिले आहे: 'आमच्याविषयी', 'सेवा', 'विभाग', 'उपक्रम', 'इतर'. ही नावे संस्थेच्या आतल्या रचनेचा नकाशा असतात. बाहेरून आलेल्या माणसाला मुदतवाढ देवघेव विभागात होते की वाचकसेवेत, हे ठाऊक नसते आणि ते ठाऊक असण्याचे त्याला कारणही नाही. 'पुस्तक शोधा', 'मुदत वाढवा', 'सभासद व्हा', 'वेळा आणि पत्ता' हे दुवे त्याच्या वाक्यातून उचललेले आहेत. वहीत त्याचे शब्द जसेच्या तसे लिहायला सांगितले ते याचसाठी. दुव्यावरचे शब्द आणि तो उघडल्यावर येणाऱ्या पानाचे शीर्षक एकच असावे, नाहीतर आपण चुकीच्या ठिकाणी आलो या शंकेने माणूस मागे फिरतो. 'इथे क्लिक करा' असा दुवा तर कुठेही नको. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकाला पानावरचे दुवे यादीसारखे ऐकता येतात, आणि ज्या यादीत आठ वेळा 'इथे क्लिक करा' येते ती ऐकून त्याच्या हाती काय लागणार?

फिरत्या छायाचित्रांबद्दल माझे मत कठोर आहे. त्यांच्यावर सहसा महत्त्वाच्या सूचना लिहिलेल्या असतात आणि नेमक्या त्याच वाचल्या जात नाहीत. जाहिरातीसारख्या दिसणाऱ्या मोठ्या, ठळक, वेगळ्या चौकटींकडे लोक न पाहताच पुढे जातात, हे बेनवे आणि लेन या अभ्यासकांनी १९९८ मध्येच नोंदवले होते. 'फलकांधत्व' असे आपल्याला त्याला म्हणता येईल. त्यांच्या प्रयोगात ज्या माहितीकडे लक्ष जावे म्हणून ती मुद्दाम ठळक केली होती, तीच लोकांच्या नजरेतून निसटली. शिवाय सावकाश वाचणाऱ्याचे वाक्य पुरे होण्याआधी चित्र बदलते. संकेतस्थळांची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने सुगम संकेतस्थळांसाठी केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत असा नियमच आहे की जी हालचाल आपोआप सुरू होते, इतर मजकुरासोबत दिसत राहते आणि पाच सेकंदांहून अधिक काळ चालते, ती थांबवण्याची सोय पाहणाऱ्याच्या हाती असली पाहिजे. समितीला छायाचित्रे हवीच असतील तर एक चांगले, स्थिर छायाचित्र ठेवा आणि तेही निम्म्या उंचीचे. त्याच्या वर किंवा शेजारी पुस्तके शोधण्याची चौकट आणि 'आज रात्री ८ पर्यंत उघडे' एवढे एक वाक्य असावे. सात वारांचा तक्ता आतल्या पानावर असू द्या, पण आज कोणता वार आहे, सुट्टी आहे का, हे पाहुण्याने ताडून पाहायचे कशाला? ते काम यंत्राला सहज जमते. अध्यक्षांचे मनोगत संस्थेच्या परिचयाच्या पानावर सन्मानाने हलवता येईल. ते हटवले असे म्हणू नका. योग्य जागी ठेवले असे म्हणा, आणि ते खरेही आहे.

तीन आडव्या रेघांचे ते चिन्ह नॉर्म कॉक्स यांनी १९८१ च्या झेरॉक्स स्टार या संगणकासाठी रेखाटले होते, आणि लहान पडद्याच्या मोबाइलमुळे ते पुन्हा घरोघरी पोहोचले. मोबाइलवर जागाच नसते, तिथे ते ठीक आहे. तिथेही रेघांखाली 'मेनू' असा शब्द लिहावा. परंतु संगणकाच्या रुंद पडद्यावर पाच दुवे सहज मावत असताना ते कपाटात कुलूपबंद करण्यात काय साधते, हे मला कधीच उमगलेले नाही. जे दिसत नाही ते आहे असे माणूस गृहीत धरत नाही. समितीत कोणी 'मेनूत सातपेक्षा जास्त दुवे असू नयेत' असे म्हणाले (असे म्हणणारे कोणीतरी असतेच), तर त्यांना सांगा की सातचा हा आकडा मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या ज्या प्रसिद्ध लेखातून आला, तो स्मरणात एका वेळी किती गोष्टी धरून ठेवता येतात याविषयी होता. मेनू पाठ करायचा नसतो, तो डोळ्यांसमोर असतो. नऊ दुवे स्पष्ट असतील तर नऊ चालतात. चार संदिग्ध असतील तर ते चारही जास्त होतात.

आणखी एक गोष्ट संस्थांच्या ध्यानात येत नाही. आपण पहिल्या पानावर जीव टाकतो, पण शोधयंत्रातून येणारा माणूस थेट आतल्या एखाद्या पानावर उतरतो. त्याच्या दृष्टीने तेच पहिले पान असते. म्हणून प्रत्येक पानावर ग्रंथालयाचे नाव, तोच मेनू त्याच जागी, आपण कुठे आहोत हे सांगणारे शीर्षक आणि तळाशी पत्ता, वेळा व फोन क्रमांक असायला हवा. तो क्रमांक मोबाइलवर बोट ठेवताच लागेल असा असावा. चित्रात कोरलेला नसावा.

आता अक्षरांकडे येऊ. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण मराठी संकेतस्थळांची सर्वांत मोठी हेळसांड इथेच होते. तुमची 'करडी नाजूक अक्षरे' मोजून पाहता येतात. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातल्या फरकाचे गुणोत्तर काढले तर पांढऱ्यावर निखळ काळ्याचे ते २१ भरते. मघाशी सांगितलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी ते किमान ४.५ असावे आणि मोठ्या अक्षरांसाठी किमान ३. संकेतस्थळे बनवणाऱ्यांच्या आवडीचा ९९९९९९ या क्रमांकाचा करडा पांढऱ्यावर जेमतेम २.८ पर्यंत पोहोचतो. ७६७६७६ हा करडा ४.५ ची रेषा कशीबशी ओलांडतो. म्हणजे हा आवडीनिवडीचा वाद नाही. रंगाचा क्रमांक विचारा, गुणोत्तर काढणारी साधने मोफत मिळतात, आणि निर्णय आकड्यावर सोपवा. तुमच्या वाचकांत ज्येष्ठ असणारच. त्यांनी अक्षरे दुप्पट मोठी केली तरी मजकूर एकमेकांवर चढता कामा नये, हेही तपासून घ्या.

देवनागरीच्या स्वतःच्या काही गरजा आहेत आणि रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून आखलेले तयार साचे त्या ओळखत नाहीत. आपल्या अक्षरांना डोक्यावर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि पायाशी उकार व जोडाक्षरे असतात, त्यामुळे ओळींमध्ये अधिक मोकळीक लागते. ती नसेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. अक्षरांत मुद्दाम अंतर सोडण्याची इंग्रजी शीर्षकांची हौस देवनागरीत शिरोरेषेचे तुकडे करते. तिरप्या अक्षरांनी जोर देण्याची रीत आपल्याकडे शोभत नाही, ठळक अक्षर पुरते. आणि पान मराठीत आहे हे त्या पानाच्या आतल्या खुणेत नोंदवायला सांगा. त्या एका नोंदीमुळे स्क्रीन रीडर योग्य आवाज निवडू शकतो, आणि काही टंकांमध्ये (फॉन्टमध्ये) मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' तेव्हाच उमटतात. एरवी हिंदी वळणाचे येतात. समितीला हा बारकावा वाटेल, पण ग्रंथपालाला वाटू नये.

याच ओघात सूचनांबद्दल सांगते. सही-शिक्क्याच्या कागदाचे छायाचित्र काढून तेच संकेतस्थळावर चढवण्याची पद्धत फार रूढ झाली आहे. अशा छायाचित्रातला मजकूर शोधात सापडत नाही, मोबाइलवर तो बोटांनी ताणून इकडेतिकडे सरकवत वाचावा लागतो, आणि स्क्रीन रीडरच्या दृष्टीने ते कोरे पान असते. कागद हवा तर जोडा, पण सूचना अक्षरांत लिहा. तीन ओळींचा तर मजकूर असतो.

'शोधलं पण काहीच आलं नाही' असे म्हणणाऱ्यांची बाजू मी पूर्णपणे घेते. मराठीत शोध चालवणे अवघड आहे आणि ते अवघडपण यंत्राने उचलायचे असते. लोक ह्रस्व-दीर्घ चुकतात, 'विज्ञानकथा' जोडून लिहितात तसे तोडूनही लिहितात, लेखकाचे नाव आद्याक्षरांसह किंवा त्यांच्याशिवाय लिहितात, आणि रोमन लिपीत मराठी लिहिणारेही पुष्कळ असतात. याहून फसवी गोष्ट अशी की 'दुसऱ्या' या शब्दातला डोळ्यांना सारखाच दिसणारा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत, दोन प्रकारे टंकता येतो: एकदा नुक्ता (खालचे टिंब) असलेल्या 'ऱ'चा पाय मोडून, आणि एकदा साध्या 'र'चा पाय मोडून त्यानंतर अदृश्य जोडचिन्ह देऊन. यादी एका पद्धतीने टंकलेली आणि शोधणारा दुसऱ्या पद्धतीने लिहिणारा असेल तर यंत्राच्या लेखी ते दोन निराळे शब्द ठरतात. नोंद करण्यापूर्वी आणि शोधण्यापूर्वी दोन्ही बाजूंचा मजकूर एकाच रूपात आणून घ्या, असे संकेतस्थळ बनवणाऱ्यांना सांगितले की त्यांना कळेल. तरीही काही सापडले नाही तर 'निकाल शून्य' एवढ्यावर वाचकाची बोळवण नको. जवळचे शब्द, लेखकांची यादी आणि 'ग्रंथपालांना विचारा' असा दुवा तिथे द्या. शोधून न सापडलेल्या शब्दांची नोंद यंत्र ठेवते का, हेही विचारा. तुमच्या फोनवहीची ती जुळी बहीण आहे.

अर्जाचे २२ रकाने वाचून मी थबकले. यादी घेऊन बसा आणि प्रत्येक रकान्यापुढे एकच प्रश्न विचारा: हे उत्तर आल्यावर कार्यालयात कोण, काय करते? 'नोंदवहीत तसा रकाना आहे' हे उत्तर ग्राह्य धरू नका. ज्या माहितीचे कोणीच काही करत नाही ती मागणे म्हणजे दुसऱ्याचा वेळ वाया घालवणे, आणि नको असलेली खासगी माहिती सांभाळण्याची जोखीम वर ओढवून घेणे. काही रकाने सभासद प्रत्यक्ष आल्यावर भरता येतील. जे उरतील त्यांची नावे रकान्याच्या वर, कायम दिसतील अशी लिहा. रकान्याच्या आत फिकट अक्षरांत लिहिलेले नाव टंकायला लागताच नाहीसे होते आणि मध्येच फोन आलेला माणूस परतल्यावर आपण काय भरत होतो हेच विसरतो. नावाचे तीन तुकडे मागू नका. सगळ्यांची नावे तीन तुकड्यांत मोडत नाहीत. तोच पत्ता एकाच अर्जात दोनदा लिहायला लावणे मार्गदर्शक तत्त्वांच्या २०२३ मध्ये आलेल्या २.२ या आवृत्तीलाही मान्य नाही. आधी भरलेले पुढे आपोआप यावे किंवा निवडता यावे, असे ती सांगते.

अर्ज सोडून जाण्याचे खरे ठिकाण बहुधा चूक दाखवणारा संदेश हेच असते. 'अवैध नोंद' असे लाल अक्षरांत पानाच्या माथ्यावर येते, भरलेले सगळे पुसले जाते आणि चूक कुठे झाली ते कळतच नाही. हा प्रसंग ज्याच्यावर ओढवला त्याला 'संकेतस्थळ वापरता येत नाही' असे म्हणणे अन्यायाचे आहे. 'महिना १३ लिहिला गेला आहे. तो १ ते १२ मध्ये हवा' असा संदेश त्याच रकान्याशेजारी यावा आणि बाकीचा अर्ज जसाच्या तसा राहावा. त्यातही पुष्कळ चुका मुळात चुका नसतातच. फोन क्रमांकात मध्ये जागा सोडली, अंक देवनागरीत लिहिले, ईमेलच्या शेवटी एक रिकामी जागा राहिली, एवढ्यावरून अर्ज नाकारणारे यंत्र आळशी म्हटले पाहिजे. ते सरळ करून घेणे त्याला क्षणाचे काम आहे. इंटरनेटच्या पायाभरणीतले जॉन पोस्टेल यांनी १९८० मध्ये संगणकांच्या आपसातल्या संवादासाठी एक तत्त्व मांडले होते, त्याचा आशय असा की स्वतः पाठवताना काटेकोर असावे आणि दुसऱ्याचे स्वीकारताना उदार. ते यंत्रांसाठी होते. माणसांच्या बाबतीत अनुदार राहण्याची मुभा त्यातून निघत नाही. 'पाठवा'शेजारी 'सर्व पुसा' असे बटण असेल तर ते आजच काढून टाकायला सांगा. ते मुद्दाम दाबणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. चुकून दाबणारे पुष्कळ भेटले. आणि कोणती कागदपत्रे लागतील ते अर्ज सुरू होण्यापूर्वी सांगा, तर अर्ज मिळाला की पुढे काय होईल आणि किती दिवसांत, हे तो पाठवल्यावर.

वेगाविषयी थोडक्यात. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या मर्यादा आजही उपयोगी आहेत: ०.१ सेकंदात प्रतिसाद आला तर तो तत्क्षणी आल्यासारखा वाटतो, एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, आणि १० सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जाते. गूगलची सध्याची अपेक्षा अशी की पानावरचा सर्वांत मोठा दृश्य भाग २.५ सेकंदांत उमटावा, आणि तेही भेटींपैकी किमान ७५ टक्के भेटींत. ग्रंथालयासारख्या साध्या संकेतस्थळावर वेग मारणारा गुन्हेगार बहुधा एकच असतो: कॅमेऱ्यातून निघाले तसेच चढवलेले छायाचित्र. ते पडद्याला लागते तेवढ्याच आकाराचे करून चढवा आणि त्याची लांबी-रुंदी आधीच नोंदवा, म्हणजे चित्र उशिरा येऊन मजकूर खाली ढकलणार नाही. एका दुव्यावर बोट ठेवायला जावे आणि ऐन वेळी पान सरकून भलताच दुवा उघडावा, हा त्रास त्या एका नोंदीने टळतो. बोटाचा विषय निघालाच आहे तर, दुवे आणि बटणे किमान २४ पिक्सेल लांब-रुंद असावीत असे २.२ ही आवृत्ती सांगते; मी तर ४४ चा आग्रह धरीन.

एक परीक्षा तुम्ही स्वतः करू शकता. माऊस बाजूला ठेवून केवळ टॅब आणि एंटर या कळांनी पहिल्या पानापासून मुदतवाढीपर्यंत जाऊन पाहा. आपण कोणत्या दुव्यावर आहोत हे दिसत नसेल किंवा मध्येच अडकायला होत असेल, तर हाताच्या दुखण्यामुळे माऊस न वापरणाऱ्यांना आणि स्क्रीन रीडरवर अवलंबून असणाऱ्यांना तुमचे दार बंदच आहे.

यानंतरची परीक्षा मात्र दुसऱ्यांकडून करवून घ्यायची असते. पाच वाचक गाठा. हा आकडा मनचा नाही. नील्सन आणि लँडॉअर यांनी १९९३ मध्ये अनेक प्रकल्पांच्या आधारे मांडलेल्या गणितात एका माणसाच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात, आणि त्या हिशेबाने पाच जणांत सुमारे ८५ टक्के. सरासरी ही सरासरीच असते, आणि तुमचे ज्येष्ठ सभासद व महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्या अडचणी एक नसतील, तेव्हा दोन्हींतून माणसे घ्या. त्यांना काम सांगताना मेनूतला शब्द वापरू नका. 'मुदतवाढ करून दाखवा' म्हटले की ते तो शब्द शोधतील आणि चाचणी फुकट जाईल. 'तुमच्याकडचे पुस्तक परवा परत करायचे आहे, पण वाचून झालेले नाही. आता काय कराल?' असे सांगा आणि गप्प बसा. हे गप्प बसणेच फार कठीण असते. मी पहिल्यांदा अशी चाचणी घेतली तेव्हा समोरचे गृहस्थ अर्धा मिनिट चाचपडताच 'डावीकडे, डावीकडे' असे माझ्या तोंडून निघून गेले, आणि त्या दिवशी माझ्या हाती काहीही लागले नाही. घरी एकट्याने संकेतस्थळ उघडणाऱ्याच्या कानाशी 'डावीकडे' म्हणणारे कोणी नसते.

पाचांपैकी एकदोघांच्या संमतीने पडद्याचे चित्रीकरण करून ते समितीला दाखवा. 'मला हिरवा आवडतो' या मताला 'मला निळा आवडतो' हे उत्तर होऊ शकत नाही, पण ओळखीचा जुना सभासद ग्रंथालयाची वेळ शोधत चार मिनिटे भटकताना पाहिल्यावर बैठकीतला सूर बदलतो. दुरुस्त्यांचा क्रम मी असा धरीन: या आठवड्यात दुव्यांचे शब्द, आजची वेळ आणि करड्याचा काळा, महिन्याभरात फिरत्या छायाचित्रांना रजा, रुंद पडद्यावर उघडा मेनू आणि अर्जाची छाटणी, शोधाचे काम सर्वांत वेळखाऊ, ते त्यानंतर. प्रत्येक टप्प्यानंतर फोनची वही पुन्हा पंधरा दिवस चालवा. ज्या प्रश्नाचे फोन कमी झाले ती दुरुस्ती लागू पडली. जो प्रश्न तसाच राहिला, तिथे मी काय म्हणते किंवा समिती काय म्हणते यापेक्षा फोन करणारा काय म्हणतो ते पुन्हा ऐका.

ता. क. पाहुण्यांचा तो आकडा काढून टाका. पाहुण्याला त्याचा काही उपयोग नाही, आणि तुम्हाला हवा असेल तर तो सर्व्हरच्या नोंदींतून मिळू शकतो. तो वाढताना पाहून समितीला समाधान वाटत असेल, पण वेळ न सापडल्यामुळे तेच पान चौथ्यांदा उघडणारा माणूसही त्यात बहुधा चार वेळा मोजला जातो.